ऑक्सिजनचं काय करायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

लाकडाचा भुसा, गवत, पिकांचं काड यांच्यापासून पेट्रोल-डिझेल बनवायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, एवढा कच्चा माल आणायचा कुठून? प्रश्न रास्तच आहे. रसायनशास्त्रज्ञाची गाठ मात्र त्याआधी ऑक्सिजनशी पडते.

पेट्रोल-डिझेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. वाळलेल्या लाकडात वजनानं ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असतो. म्हणजे लाकूड हे एका अर्थी आधीच अर्धवट जळलेलं इंधन! तो ऑक्सिजन फुकट निघत नाही. ग्लुकोजचा रेणू घ्या: ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. सगळा ऑक्सिजन पाण्याच्या रूपानं घालवला, तर हायड्रोजनही त्याच्यासोबत जातो आणि हाती नुसता कोळसा राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं घालवला, तर निम्मा कार्बन हवेत जातो. उरला तिसरा मार्ग, बाहेरून हायड्रोजन पुरवण्याचा. ग्लुकोजच्या एका रेणूला हायड्रोजनचे ७ रेणू दिले, की सहाही कार्बन शाबूत राहून हेक्झेन, म्हणजे पेट्रोलमधलाच एक घटक, मिळतं आणि ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो. निदान कागदावर तरी!

प्रत्यक्षात भुसा हवेशिवाय सुमारे ५०० अंश सेल्सियसला झटकन तापवतात आणि वाफा लगेच थंड करतात. मिळतं ते काळपट, आम्लधर्मी तेल. ते धातू गंजवतं आणि साठवलं तर घट्ट होत जातं. म्हणून त्या वाफा थंड होण्याआधीच झिओलाइट या सच्छिद्र उत्प्रेरकावरून, म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणाऱ्या पदार्थावरून, नेण्याची युक्ती निघाली. त्याची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. त्यांतून बेंझिन, टोल्युइनसारखे आटोपशीर रेणू बाहेर पडतात. पण तीच छिद्रं काजळीनं बुजतात. काजळी जाळून टाकता येते; वनस्पतींच्या राखेतलं पोटॅशियम मात्र उत्प्रेरकावर साचून त्याला निकामी करत जातं, आणि ते जाळून जात नाही. माझ्या मते या तंत्राची खरी परीक्षा प्रयोगशाळेतल्या पहिल्या तासात नाही, पुढच्या काही महिन्यांत होते.

आणि तो बाहेरचा हायड्रोजन? आज तो बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. तोच वापरला, तर ‘नवीकरणीय’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा. त्यावर तोड म्हणून जैवभाराचाच, म्हणजे त्या भुशा-काडाचाच, काही भाग वाफेसोबत तापवून हायड्रोजन काढता येतो. इंधन थोडं कमी मिळतं, पण खनिज वायू लागत नाही.

नमस्कार.