कॅनी जिंकूनही हॅनिबल का हरला? पटावर मिळणारं उत्तर

[दृश्य : टेबलावर पसरलेला पश्चिम भूमध्य समुद्राचा नकाशा. स्पेन, गॉल, इटली, आफ्रिका. गावांना जोडणाऱ्या रेषा, त्यावर गोल चकत्या.]

निवेदन :

इ.स.पू. २१६, ऑगस्ट महिना. दक्षिण इटलीत कॅनीजवळ रोमची फौज उभी आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबानं ८०,००० पायदळ आणि सहा हजारांवर घोडदळ. समोर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या सत्तेचा सेनापती हॅनिबल, त्याच्याकडे पायदळ याच्या निम्मं. दिवस मावळेपर्यंत रोमन फौज चारही बाजूंनी कोंडली जाते आणि कापली जाते. मेलेल्यांचा आकडा रोमन इतिहासकार लिव्ही ४८,००० च्या घरात सांगतो, पॉलिबियस ७०,००० म्हणतो.

आणि तरीही हे युद्ध रोमनं जिंकलं. कॅनीनंतर आणखी पंधरा वर्षं ते चाललं आणि इ.स.पू. २०१ मध्ये कार्थेजला रोमच्या अटींवर तह करावा लागला.

असं का झालं, यावर इतिहासकारांनी भरपूर लिहिलं आहे. आपण ते आज एका पटावर पाहणार आहोत.

[दृश्य : खेळाचं खोकं उघडतं. पत्त्यांचे दोन गठ्ठे, फासे, सेनापतींच्या उभ्या सोंगट्या.]

या खेळाचं नाव ‘हॅनिबल : रोम विरुद्ध कार्थेज’. रचनाकार मार्क सिमोनिच. अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल या कंपनीनं तो १९९६ साली काढला. पुढं दुसऱ्या प्रकाशकांनी त्याच्या नव्या आवृत्त्या आणल्या. खेळाडू दोन, फेऱ्या नऊ. पहिली फेरी इ.स.पू. २१८ ची, शेवटची २०१ ला संपते.

दर फेरीला हातात सात ते नऊ पत्ते येतात. प्रत्येक पत्त्यावर एक घटना छापलेली असते आणि १, २ किंवा ३ असा आकडा. एका वेळी एकच काम करता येतं : घटना घडवा, नाहीतर त्या आकड्याच्या जोरावर एखादा सेनापती हलवा, नाहीतर तेवढ्या चकत्या नकाशावर मांडा. चकती म्हणजे ‘हे गाव आमच्या बाजूचं’ अशी खूण. सेनापतीलाही आकडा असतो. हॅनिबलचा आकडा १, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर तो निघतो. ज्या रोमन कॉन्सलचा, म्हणजे फौजेचं नेतृत्व करणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा, आकडा ३ आहे, तो ३ चा पत्ता पडल्याशिवाय जागचा हलत नाही. रोमचे कॉन्सल वर्षासाठी निवडले जात. खेळात ते दर फेरीला चिठ्ठी काढावी तसे नव्यानं निघतात. शूर निघेल की ढिला, हे रोमच्या खेळाडूच्या हातात नाही. पहिल्या तासाभरात कार्थेजच्या बाजूनं बसणाऱ्याला वाटतं, रोमचं काही खरं नाही.

[दृश्य : हॅनिबलची सोंगटी आल्प्सच्या खिंडीवर. फासा पडतो. फौजेच्या दोन तुकड्या बाजूला काढल्या जातात.]

आल्प्स ओलांडताना फासा टाकून तुकड्या गमवाव्या लागतात. हॅनिबलनं आपल्या सैन्याची संख्या दक्षिण इटलीत एका ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेवली होती आणि पॉलिबियसनं तो लेख स्वतः वाचला. इटलीत उतरले तेव्हा उरले होते २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ. ऱ्होन नदी ओलांडली तेव्हा नुसतं पायदळच ३८,००० होतं.

आता लढाई. इथं थोडं थांबू, कारण या खेळाचा जीव इथं आहे.

दोघांनाही लढाईचे पत्ते वाटले जातात. जितक्या तुकड्या तितके पत्ते, वर सेनापतीच्या लढाऊ गुणाइतके जादा. हॅनिबलचा हा गुण ४. शिवाय तिथले प्रांत ज्याच्या ताब्यात, त्याला मित्रांचे म्हणून आणखी पत्ते. पत्त्यांचे प्रकार : समोरून हल्ला, डावी बगल, उजवी बगल, चाचपणी, राखीव दल आणि दोन्ही बाजूंनी घेराव.

हॅनिबलचा खेळाडू डावी बगल टाकतो. रोमन खेळाडूनं तोच पत्ता टाकला पाहिजे, नाही टाकता आला तर लढाई तिथंच संपली. तो टाकतो. पुन्हा डावी बगल. पुन्हा जोड मिळते. प्रत्येक उत्तरानंतर रोमन फासा टाकतो. सेनापतीच्या गुणाइतका किंवा त्याहून कमी पडला तर हल्ल्याची पाळी त्याच्याकडे येते. पडत नाही. तिसऱ्यांदा डावी बगल. आता रोमनच्या हातात डाव्या बगलेचा एकही पत्ता नाही, उरलं आहे फक्त राखीव दल. ते कुठल्याही पत्त्याला उत्तर म्हणून चालतं. ते आता खर्चायचं की ठेवायचं? समोरच्याकडे घेराव असेल तर? एवढ्या लहान कागदांवर इतकं धडधडणं मी दुसऱ्या कुठल्याही खेळात अनुभवलेलं नाही. तो राखीव दल टाकतो. हॅनिबल घेराव उघडतो. उत्तर नाही.

[दृश्य : रोमन तुकड्या नकाशावरून उचलल्या जातात. पाठोपाठ काही रोमन चकत्याही.]

हरणाऱ्याला तुकड्यांबरोबर गावंही गमवावी लागतात. कॅनीनंतर हेच घडलं. इटलीतलं बलाढ्य शहर कापुआ रोमला सोडून हॅनिबलला मिळालं. दक्षिणेतली इतरही गावं फुटली. पण मध्य इटलीतली लॅटिन शहरं फुटली नाहीत. हॅनिबलचं सगळं गणित याच फुटीवर उभं होतं, आणि ती अर्धीच झाली.

पटावर याची किंमत हिवाळ्यात कळते. फेरी संपताना जी फौज स्वतःच्या चकतीवर उभी नसते, तिची झड होते. म्हणजे लढाई जिंकून परक्या मुलखात उभं राहिलात तर थंडी आणि उपासमार तुम्हाला खाते. त्यामुळे पत्ते चकत्यांवर खर्चावे लागतात. चकत्यांवर खर्चले की हॅनिबल बसून राहतो. तो बसून राहिला की रोममध्ये नव्या तुकड्या उभ्या राहतात, दर फेरीला, न चुकता. युद्धाआधीच्या मोजणीत रोम आणि मित्रांकडे शस्त्र धरू शकतील असे सात लाखांवर पायदळ आणि ७०,००० घोडेस्वार असल्याचं पॉलिबियस लिहितो. समोरचा खेळाडू मुकाट्यानं पाच पाच तुकड्या मांडत जातो, तेव्हा त्या आकड्याचं वजन जाणवतं.

मग तो शहाणा होतो. रोमन सेनापती फाबियस मॅक्सिमसनं केलं तेच करतो : हॅनिबलशी गाठ टाळायची, तो जिथं नसेल तिथली गावं परत घ्यायची. कॅनीनंतर रोमवरच का चालून गेला नाहीस, असा घोडदळाचा सरदार महार्बल याचा हॅनिबलला टोमणा लिव्हीनं नोंदवला आहे. पटावर हा मार्ग खुला आहे, रोम घेतलं की डाव तिथंच संपतो. पण वेढा पत्ते गिळतो, वेढा घालणाऱ्या तुकड्या मरतात, आणि तेवढ्यात मागं कापुआ जातं. मला महार्बलचं म्हणणं कधीच पटलं नव्हतं. हा खेळ खेळल्यावर तर मुळीच पटत नाही.

[दृश्य : दुसरा पट. षट्कोनी घरं, शेकडो लहान चौकोनी काउंटर.]

ज्याला कॅनीचं मैदानच जवळून पाहायचं आहे, त्याच्यासाठी रिचर्ड बर्ग आणि मार्क हर्मन यांचा ‘एसपीक्यूआर’ हा खेळ आहे, १९९२ सालचा. तिथं वेलिटेस, हस्ताती, प्रिंकिपेस, त्रिआरी अशा रोमन रांगा वेगळ्या मांडायच्या असतात. प्रत्येक काउंटरवर त्या तुकडीचा दर्जा आकड्यात असतो आणि तेवढे घाव साचले की ती पळत सुटते. पळालेल्यांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की उरलेली फौजही मैदान सोडते. नियमांची वही जाड आहे, पहिला डाव वही मांडीवर घेऊनच होतो. तरी तो खेळावा. हॅनिबलची मधली रांग मागं सरकते, रोमन आत ओढले जातात आणि बगलेवर आफ्रिकी पायदळ वळतं, हे स्वतःच्या बोटांनी केलं की कॅनीचा नकाशा पुन्हा कधी पाठ करावा लागत नाही.

[दृश्य : पुन्हा पहिला पट. फेरी सहावी.]

सहाव्या फेरीत स्किपिओ आफ्रिकानस येतो. हॅनिबलच्या तोडीचा सेनापती आता रोमकडेही आहे. इतिहासात इ.स.पू. २११ मध्ये कापुआ पडलं, २०९ मध्ये स्किपिओनं स्पेनमधलं नवं कार्थेज घेतलं, २०७ मध्ये इटलीत मेटॉरस नदीच्या काठी हॅनिबलचा भाऊ हासद्रुबल मारला गेला. २०३ मध्ये कार्थेजनं हॅनिबलला आफ्रिकेत परत बोलावलं. तोवर कार्थेजशेजारच्या न्युमिडियाचा राजपुत्र मासिनिसा आपल्या घोडेस्वारांसह स्किपिओकडे गेला होता. २०२ मध्ये आफ्रिकेत झामाच्या शेवटच्या लढाईत हॅनिबलकडे हत्ती होते, घोडदळ पुरेसं नव्हतं, आणि तो हरला.

पटावर मात्र परत कधी यायचं, हे आपण ठरवतो. दर फेरीअखेर दोघांचे प्रांत मोजले जातात, कमी असणाऱ्याला फरकाइतक्या चकत्या उचलाव्या लागतात आणि उचलायला पुरेशा नसतील तर त्यानं तह मागितला असं धरतात. म्हणून जाणते खेळाडू पाचव्या फेरीतच विचार करू लागतात : न्युमिडिया अजून आपला आहे, इटलीतली गावं सोडून द्यावीत का? पण समुद्रावर रोमचं आरमार आहे. कार्थेजच्या प्रत्येक सफरीला फासा टाकावा लागतो. कधी जहाजं माघारी फिरतात, कधी बुडतात, आणि त्या जहाजात हॅनिबल बसलेला असतो.