पाळणाघर सातला बंद होतं
(डोंबिवलीतल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘प्रवासाचा वेळ आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत’. तरीही सभागृह भरलंय, याचं श्रेय बाहेरच्या बटाटेवड्याला. डोंबिवलीकरांना लोकल समजावून सांगायला मी उभी नाही. ‘कुठे उतरणार?’ ही चौकशी नसून जागेचं आरक्षण असतं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

तर १९९४ साल. मी एका बँकेच्या कल्याण शाखेत क्लार्क. घरातून निघाले की अर्ध्या तासात काउंटरवर. परीक्षा दिली, पास झाले, ऑफिसरचं पत्र आलं. नेमणूक थेट मुंबईत, फोर्टात. मुलगा तीन वर्षांचा. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद व्हायचं, आणि सात म्हणजे सात. सात पाचला काकू त्याला चपला घालून दारात उभा करायच्या. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सहाला सुटले, व्हीटीला सव्वासहाची मिळाली, तरी डोंबिवलीत साडेसात. ते काही मेगाब्लॉक, पाऊस नसेल तर.

मग रजा टाकून एक दिवस रंगीत तालीम केली. सकाळची पहिली फास्ट नुसतीच बघितली, आत शिरता आलं नाही. दुसरीत शिरले. चौथी सीट सोडाच, दोन्ही पाय एकदम टेकायला जागा नाही. शेजारची एक बाई माझ्या पाठीचा टेबलासारखा वापर करून मटार सोलत होती. ठाणं आलं तशी म्हणाली, ‘नवीन दिसताय!’ माझा जन्म डोंबिवलीतला हो! दुसरी म्हणाली, ‘डाऊन करून या ना, कल्याणहून बसून याल.’ म्हणजे मुंबईला जायला आधी उलटं जा, आणखी वीस मिनिटं घाला.

१९९२च्या ५ मे रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, त्याचं आम्हाला केवढं अप्रूप. पण तो उतारा गर्दीवर होता. स्पेशल गाडीलाही अंतर तेवढंच कापावं लागतं. एसटीने २०२३मध्ये बायकांना निम्मं तिकीट केलं, छानच केलं. तास निम्मे झाले नाहीत.

मी नकार कळवला. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. साहेबच म्हणाले, ‘घरगुती लिहा, प्रश्न मिटतो.’ लिहिलं. आज पेन्शनही क्लार्कच्याच पगारावर बेतलेली आहे. त्याच वर्षी आमच्या यांचं प्रमोशन झालं, बॅलार्ड इस्टेटला, म्हणजे फोर्टाशेजारीच. ते घरी किती वाजता येणार, हा हिशेब कुणी कागदावर मांडला नाही. ते बघा, तिसऱ्या रांगेत घड्याळाकडे बघतायत.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणतायत. मुख्य विषय राहिलाच की! भराभर सांगते.

समान वेतनाचा तेव्हाचा कायदा १९७६चा. माझ्या बाबतीत तो कुणी मोडला नाही. क्लार्कचा पगार बाईला आणि पुरुषाला सारखाच होता. तफावत पडली ती पत्र नाकारलं तिथे.

फ्रान्समध्ये बेकारीभत्ता मागणाऱ्याला फॉर्मवर लिहावं लागतं, किमान किती पगार हवा आणि जास्तीत जास्त किती लांब जाल. त्या नोंदींवरून ल बार्बांशों हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२१मध्ये दाखवलं की बायका जवळची नोकरी मागतात आणि त्यापायी कमी पगार पत्करतात. वय, अनुभव वगैरे फरक काढून टाकल्यावर वेतनात जी तफावत उरते, तिच्यातला सुमारे १४ टक्के हिस्सा यातून येतो. आमच्या फॉर्मवर किलोमीटरचा रकाना नव्हता, म्हणून सगळं ‘घरगुती’त गेलं.

शिवाय ही बाई लांब जाणार नाही हे जवळच्या मालकाला पक्कं ठाऊक असतं. तो पगार कशाला वाढवेल?

दिल्लीत गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञांनी तर कॉलेजच्या मुलींचा अभ्यास केला. रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली कमी दर्जाचं कॉलेज निवडतात. म्हणजे नुकसान पहिल्या पगाराच्याही आधी सुरू.

आणि पाळणाघराकडे बाईच का धावते? २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात. पुरुष ९७, तेही करणारे पुरुष. आमचे हे...

बरं, दुसरी चिठ्ठी. प्रश्न घेऊ या. नाही, तुम्ही थांबा. दाराजवळच्या ताई, आधी तुम्ही विचारा, तुम्ही पर्स खांद्याला अडकवलीय.