चार पॉइंटांचा हिशेब: क जीवनसत्त्व आणि बीपी

व्हिटॅमिन सीनं बीपी उतरतं का? उतरतं, पण किती ते नीट ऐका. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली २९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डोस साधारण रोज ५०० मिलिग्रॅम, मुदत आठेक आठवडे. वरचं बीपी सरासरी ३.८ पॉइंटांनी उतरलं, खालचं दीडनं. आधीपासून बीपी असलेल्यांत वरचं पाचाच्या आसपास. डॉक्टर देतात ती बीपीची एक गोळी साधारण नऊ पॉइंट उतरवते, म्हणजे तिच्या जागी क जीवनसत्त्वाची गोळी चालणार नाही.

शिवाय या चाचण्या लहान होत्या, थोड्या दिवसांच्या होत्या. अमेरिकेत चौदा हजारांवर पुरुष डॉक्टरांवर सुमारे आठ वर्षं चाचणी झाली, डोस तोच ५००. हार्ट अटॅक, पक्षाघात काही कमी झाले नाहीत.

मग उतरतं ते कशामुळे? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्यानं वाहिनीची भिंत सैल पडते. ते बनवणाऱ्या एन्झाइमला एक मदतनीस रेणू लागतो, तो ऑक्सिडेशननं लगेच वाया जातो. क जीवनसत्त्व त्याला जपतं.

डोस वाढवला की परिणाम वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. रोज दोनशे-चारशे मिलिग्रॅमला रक्तातली पातळी जवळजवळ भरते. हजाराच्या पुढे निम्म्याहून कमी शोषलं जातं, आणि शोषलेल्यातलं जास्तीचं लघवीवाटे जातं, त्यातलं काही ऑक्झलेट होऊन, आणि त्याचेच मुतखडे बनतात. ज्यांना एकदा मुतखडा झालाय, त्यांनी मोठ्या डोसच्या वाटेला जाऊ नये. दोनशे मिलिग्रॅम तर शंभर ग्रॅमच्या एका पेरूत मिळतात.

पण पेरूवर तिखट-मीठ भुरभुरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. आवळ्याच्या लोणच्यात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम मीठ धरलं, तर वीस ग्रॅमच्या फोडीतून दोन ग्रॅम मीठ पोटात जातं. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम! पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचंही तेच. ती फसफस बहुतेक खायच्या सोड्याची असते, आणि एक ग्रॅम सोड्यात २७० मिलिग्रॅम सोडियम असतं. पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचूनच घ्या. आवळा घ्यायचा तर कच्चा किसून, मीठ न घालता, जेवणात चमचाभर. लिंबू वरणभातावर पिळायचं ते ताट वाढल्यावर. शिजवलं की क जीवनसत्त्व बरंचसं जातं.

राहिलं मोजणं. इथे बहुतेक जण फसतात, कारण पायावर पाय टाकून बसलं तरी आकडा तीन-चार पॉइंट चढू शकतो. दंडाच्या मानानं कफ (मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा) लहान असला तर त्याहून जास्त. म्हणजे जो फरक शोधतोय, तेवढीच चूक हाताशी तयार! अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत टेबलावर, कफ उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. क जीवनसत्त्वाची गोळी सुरू करण्याआधी एक आठवडा आणि दोन महिन्यांनी एक, मशीन तेच, कफ तोच, हातही तोच.