मठातली रात्र मोजायची कशी?

मध्ययुगीन ख्रिस्ती मठातल्या प्रार्थनांची यादी पाठ करायला सोपी आहे. रात्री उठून मातिन्स, उजाडताना लॉड्स, मग प्रिमा, तेर्सिया, सेक्स्ता, नोना, दिवेलागणीला व्हेस्पर्स आणि झोपण्याआधी कॉम्प्लिन. सात दिवसाच्या, एक रात्रीची. आधार बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचा: भक्त दिवसातून सात वेळा स्तुती करतो आणि मध्यरात्री उठतो. संत बेनेडिक्टने इ.स. ५३० च्या सुमारास आपल्या नियमावलीत ही घडी बसवली आणि १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी झालीच पाहिजेत, असं बजावलं. आपले पूर्वज हे एका दिवसात करायचे, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी करू, असा टोमणाही मारला.

प्रिमा म्हणजे पहिला तास, तेर्सिया तिसरा, सेक्स्ता सहावा, नोना नववा. पण हा तास आपला नव्हे. उजेडाचे बारा भाग करायचे, त्यातला एक म्हणजे तास. आपल्या प्रहरासारखाच ऋतूप्रमाणे लहानमोठा होणारा. बेनेडिक्टच्या इटलीतल्या माँते कासिनो मठात डिसेंबरात दिवसाचा तास आपल्या सुमारे ४६ मिनिटांचा, तर जूनमध्ये ७६ मिनिटांचा. त्यात नोनाची गंमत वेगळीच. उपासाच्या दिवसांत नोना झाल्याशिवाय जेवण नाही! साहजिकच ती हळूहळू अलीकडे सरकली आणि मध्ययुग संपेतो दुपारी बाराला येऊन टेकली.

दिवसा ऊन तरी असतं. खरी पंचाईत रात्रीची. नियम सांगतो, हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला उठा, म्हणजे दोनच्या आसपास. पण आठवा तास झाला हे सांगणार कोण? जबाबदारी मठाधिपतीची, त्याने स्वतः घंटा द्यावी किंवा भरवशाच्या माणसावर सोपवावी. उठायला उशीर झालाच तर वाचनं आखडती घ्यावीत आणि ज्याच्या हलगर्जीपणामुळे हे झालं त्याने प्रायश्चित्त घ्यावं. सुरुवातीचं एक स्तोत्र तर मुद्दाम संथ म्हणायचं, मागे राहिलेल्यांना आत येता यावं म्हणून. नियम कडक खरे, पण करणाऱ्याला माणसाची झोप ठाऊक होती.

सहाव्या शतकातच फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशप ग्रेगरीने कोणत्या महिन्यात कोणता तारा उगवला की उठावं, याची पुस्तिका लिहिली. ढग आले तर? अकराव्या शतकात पीटर डेमियन हा इटालियन मठवासी सांगतो: पहारेकऱ्याने गप्पा मारू नयेत, स्तोत्रं म्हणत राहावं. किती म्हणून झाली, त्यावरून वेळ कळेल. म्हणजे प्रार्थनेची वेळ मोजायची तीही प्रार्थनेनेच. मला हा उपाय फार हुशारीचा वाटतो.

पुढे मोठ्या मठांत पाण्याची घड्याळं आली. इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्स मठात ११९८ साली संत एडमंडच्या समाधीपाशी मेणबत्तीने आग लागली. त्याच वेळी मातिन्सआधीचा घड्याळाचा इशारा झाला, म्हणून वस्त्रभांडाराचा प्रमुख उठला आणि त्याला आग दिसली. मठवासी पाण्यासाठी धावले, काही विहिरीकडे, काही थेट घड्याळाकडे. तिथल्याच जोसेलिन नावाच्या मठवासीने हे लिहून ठेवलंय. आग विझवायला ज्याचं पाणी आणावंसं वाटलं, ते घड्याळ चांगलं ऐसपैस असणार.