आढं किती, वळचण किती? हॅमॉकवरच्या टार्पविषयी थोडं

मंडळी, समोर दोन खांबांना बांधलेली ही झोळी, म्हणजे हॅमॉक, बघून मघाशी एका काकांनी विचारलं, "बाळ कुठंय?" बाळ मीच. पावसाळ्यात ताम्हिणी, मुळशी, वेल्ह्याकडं जाताना मी तंबू नेत नाही. खालून पाणी वाहत असतं, जळवा फिरत असतात, आपण वर निवांत. पण हॅमॉक म्हणजे नुसता पलंग. घर म्हणाल तर ते वरचं टार्प, म्हणजे छपरासारखं ताणायचं पावसाचं कापड. लोक हॅमॉक निवडायला महिना घालवतात आणि टार्प मात्र सोबत येईल ते घेतात.

मीही तेच केलं होतं. साडेआठ फुटांचं, छान हलकं टार्प होतं. रात्री दोनच्या सुमाराला पाय गार लागले, हात लावला तर चिंब. टार्प गळतंय म्हणून विकणाऱ्याला मनातल्या मनात बरंच ऐकवलं. उजाडल्यावर पाहिलं तर कापडातून थेंबही आला नव्हता. पाऊस पायाकडच्या उघड्या बाजूनं सरळ आत आला होता.

घाटमाथ्यावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. तिथली जुनी घरं बघा. उतरतं दुपाखी छप्पर, भिंतीच्या बरीच पुढं आलेली वळचण. टार्पचा विचार तसाच करा. आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, ती लांबी, आणि पाखं, म्हणजे दोन्हीकडचे उतार, ती रुंदी. दोन्हींचा हिशेब वेगळा.

आधी आढं. हॅमॉक तारेसारखा ताणायचा नसतो, झोळ ठेवायचा. झाडांना बांधायचे पट्टे ३० अंशांच्या आसपास उतरते ठेवले की दोन टोकांमधलं सरळ अंतर कापडाच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के भरतं. ११ फुटी हॅमॉक असेल तर ९ फूट आणि वर दीडेक इंच. आता त्यावर १० फुटी टार्प टाकलंत तर दोन्हीकडं जेमतेम पाच-पाच इंच उरतात. ११ फुटीत ११ इंच, १२ फुटीत १७. एरवीचा सल्ला असतो की टोकाला ६ इंच पुरे. कोरड्या हवेत पुरतीलही. आपल्याकडच्या जुलैत एक फूट हवा, म्हणून मी १२ फुटी वापरतो. मात्र मग झाडंही १३ ते १५ फुटांवर शोधावी लागतात. १२ फुटांच्या आत असली तर टार्पचं टोक खोडाला घासतं, आणि ते कापड महाग असतं.

आता पाखं. समजा आढं ५ फूट उंच बांधलं आणि उतार ४५ अंशांचा ठेवला. टार्प १० फूट रुंद असेल तर एका बाजूला ५ फूट कापड येतं, त्याची कड साडेतीन फूट खाली उतरते, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर थांबते. हॅमॉकचा तळही साधारण तितकाच, खुर्चीच्या उंचीला असतो. जमलं. तेच ७ फूट रुंद असेल तर कड अडीच फुटांवरच संपते आणि तुमची पाठ उघडी. शिवाय हॅमॉकमध्ये आपण तिरके झोपतो, खांदे एकीकडं, पाय दुसरीकडं. म्हणून चौकोनी १० बाय १०चं टार्प कर्णावर बांधण्याची युक्ती मला पटत नाही. आढं १४ फुटांचं होतं खरं, पण टोकाकडं निमुळतं होत जातं आणि डोकं-पाय तिथंच असतात. सहा कोनी चालतं, आयताकृती सर्वांत भरवशाचं. त्याची एक बाजू काठ्यांवर उचलली की पडवी होते, तिथं बसून चहा करता येतो. टोकांना दारं असलेलीही मिळतात. वाऱ्याच्या तोंडाची दारं लावा, दुसरी उघडी ठेवा. सगळी बंद केलीत तर सकाळी आतूनच दव टपकेल.

कापडाबद्दल थोडक्यात. रविवार पेठेतली ताडपत्री चालेल का, हे कुणीतरी विचारणारच. चालेल, पण उचलणार कोण? १२ बाय १० म्हणजे ११ चौरस मीटरहून थोडं जास्त. २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणाऱ्या ताडपत्रीत ते सव्वादोन किलो भरतं, सिलिकॉन लावलेल्या नायलॉनमध्ये अर्ध्या किलोच्या आसपास. नायलॉनची एक खोड आहे, ते भिजलं की सैलावतं. संध्याकाळी ढोलासारखं ताणलेलं टार्प मध्यरात्री पोट काढतं आणि त्या पोटात पाणी साचतं. दोऱ्यांत इलॅस्टिकचा तुकडा अडकवा, नाहीतर झोपण्याआधी एकदा ताणून घ्या. पॉलिस्टर असं फारसं करत नाही.

त्या दोऱ्यांना गाय-लाइन म्हणतात. आपल्याकडं तंबूचे 'तणावे' हा चांगला शब्द आहे, तो वापरायला काय हरकत आहे? चार कोपऱ्यांचे चार तणावे हवेतच, मधल्या कडेला एकेक असेल तर उत्तम. घाटात मेखा कुठं ठोकणार? वीतभर मातीखाली कातळ लागतो. तणावा काठीच्या तुकड्याला बांधा, काठी आडवी ठेवा, तिच्यापुढं मोठा दगड. सुटत नाही. वारा पश्चिमेकडून असेल तर झाडांची जोडी दक्षिणोत्तर निवडा, म्हणजे वारा पाख्यावर आदळेल, उघड्या टोकात शिरणार नाही. तेवढी बाजू जमिनीलगत उतरवा.

आणि ती सर्वांत फसवी गोष्ट. आढ्याचं पाणी वळचणीला जातं, पण खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्याच्या वाटेनं थेट तुमच्या पाठीखाली येतं. टार्पच्या आतल्या बाजूला, हॅमॉकच्या टोकाजवळ पट्ट्याला वीतभर सुती दोरी बांधून लोंबती सोडा. पाणी तिथून खाली पागोळी धरतं. दहा पैशांची वस्तू, पण हजारोंचं सामान वाचवते.

झाड निवडताना आधी वर बघा, वाळकी फांदी नाही ना. शेवगा, पांगारा नको, लाकूड ठिसूळ. अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, ती आधीच काढा. आता कुणाला पडून बघायचंय? बूट काढून, आणि बसताना मधोमध बसा, कडेवर नाही. काका, तुम्ही आधी या.