हजीऱ्यावरची पहिली सकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात वडील माळ्यावरची जाड सतरंजी काढून उन्हात टाकायचे. ती दिसली की आम्हा मुलांना कळायचं, गावातल्या हजीरा भागात, तानसेनाच्या समाधीपाशी, गाणं ऐकायला जायचे दिवस आले. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाविषयी मी आज बोलणार आहे, आणि त्यातही पहिल्या सकाळीविषयी जरा जास्त.

माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, १९२४ साली, हा उत्सव सुरू झाला. जुनी माणसं अजूनही त्याला 'उर्स' म्हणतात, कारण सगळं घडतं ते तानसेनाच्या समाधीपाशी. शेजारी सूफी संत मोहम्मद गौस यांचा भव्य मकबरा, त्याच्या दगडी जाळ्या, आणि समाधीजवळ चिंचेचं झाड. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी श्रद्धा. मूळ झाड कधीच गेलं, आताचं नंतरचं आहे. पण गाणारी मुलं अजून पानं तोडतातच. मीही तोडली आहेत.

त्या पहिल्या सकाळी सनई वाजते. मग नाथपंथी ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा, आणि तिच्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान. समाधीवर चादर चढते. हरिकथा म्हणजे आपल्या कीर्तनाची सख्खी बहीण. तिचे शेवटचे शब्द कानात असतानाच मौलवींचा आवाज सुरू होतो, आणि ऐकणारी माणसं तीच असतात, कुणी जागचं हलत नाही. मोठ्या गवयांच्या रात्रीच्या सभांना गर्दी लोटते. या सकाळी मात्र निम्म्या जागा रिकाम्या असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि थंडी! एकदा मी मंचाच्या अगदी जवळ बसलो होतो. गारठ्यानं तंबोऱ्याच्या तारांचा सूर चढत होता आणि दवानं तबल्याच्या पुडीचा, म्हणजे कातड्याचा, उतरत होता. तबलजी हातोडीनं गट्ठे ठोकत होता, गवई खुंट्या पिळत होते, आणि पाचदहा मिनिटं सगळा मंडप श्वास रोखून त्या एका षड्जाची, जुळलेल्या 'सा'ची, वाट पाहत होता. तंबोऱ्याची जवारी, ती भरीव गुंजन, लागली आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आला!" बंद सभागृहात हा क्षण मिळत नाही.

आपल्या मराठी माणसांचं तर या गावाशी जुनं देणं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली. इथेच कृष्णराव शंकर पंडित गायले, आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांच्या प्रेरणेनं १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. आजही सभेची सुरुवात इथल्या संगीत विद्यालयांतल्या मुलांच्या ध्रुपदानं, त्या जुन्या धीरगंभीर गायनप्रकारानं, होते. शाल सावरत, एकमेकांकडे बघत तालाची सम गाठणारी ती मुलं ऐकायला तरी वेळेवर या. तिकीट नाही, दार सगळ्यांना उघडं आहे.

२०२४ साली समारोहानं शंभरी गाठली. त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला होता.

जमलं तर बेहटलाही जा. तानसेनाचं हे गाव, झिलमिल नदीकाठचं. तिथलं महादेवाचं देऊळ एका अंगाला कललेलं आहे. तानसेनाच्या तानेनं ते वाकलं, असं गावकरी सांगतात. समारोहाची एक सभा तिथेही भरते. बायका डोक्यावर पदर घेऊन, पोरांना मांडीवर निजवून ऐकत असतात, आणि समोर ध्रुपद चालू असतं.