७८ म्हटलं आणि निघाल्या २,८००

(स्क्रीनवर क्वेरी चालूच आहे, कर्सर लुकलुकतोय.)

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तीन टेबलांचा जॉइन (तिन्ही जोडून माहिती काढायची), रो पटकन शोधून देणारे इंडेक्स सगळे जागेवर, तरी क्वेरी अडकून बसलीये. अशा वेळी बहुतेक जण अजून एक इंडेक्स टाकतात. थांबा जरा. आधी क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन अनालाइझ लावा, म्हणजे क्वेरी खरंच चालते आणि तिची एकेक पायरी ओळीने दिसते, आणि प्रत्येक ओळीत दोनच आकडे बघा, पोस्टग्रेसच्या प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने, किती रो धरल्या होत्या आणि खरंच किती आल्या. वाचायचं आतून बाहेर, कारण आतली चूकच वर चढत जाते.

समजा शेतकऱ्यांचं दहा लाख रोंचं टेबल आहे आणि अट आहे जिल्हा पुणे, तालुका हवेली. जिल्हे ३६, तालुके ३५८, रो सगळीकडे सारख्या धरू. आता हवेली म्हटलं की पुणेच हे आपल्याला माहितीये, म्हणजे जिल्ह्याच्या अटीने एकही रो कमी होत नाही, साधारण २,८०० येणार. प्लॅनरला ते नातं माहीतच नाही, तो ३६ ने भागतो, परत ३५८ ने भागतो आणि म्हणतो ७८.

हा हिशोब १९७९चा, आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसवर पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या टीमने मांडलेला, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं, कारण डेटा न वाचता प्लॅनची किंमत काढायची तर काहीतरी धरून चालावंच लागतं.

पण ७८ म्हटल्यावर प्लॅनर नेस्टेड लूप घेतो, म्हणजे प्रत्येक रोसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी, फेऱ्या होतात २,८००, आणि पुढच्या जॉइनचा अंदाजही त्याच ७८ वर उभा! आणि हो, लूपच्या आतल्या ओळीत दिसतो तो रोंचा आकडा एका फेरीची सरासरी असतो, त्याला लूप्सने गुणायचं, इथे खूप जण फसतात.

नुसतं अनालाइझ (एक्स्प्लेनशिवायचं, टेबलाची आकडेवारी ताजी करणारी वेगळी कमांड) चालवून हे सुटत नाही, कारण एकेका कॉलमचे आकडे बरोबरच आहेत, चुकतंय ते दोघांमधलं नातं. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये २०१७च्या व्हर्जन १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही कमांड आहे. जिल्हा आणि तालुका त्यात द्या, डिपेंडन्सीज (एका कॉलमवरून दुसरा ठरतो ते नातं) घ्या आणि मग अनालाइझ नक्की चालवा, त्याशिवाय त्यात काही भरत नाही. एकाच टेबलातल्या कॉलमना हे लागू पडतं, दोन टेबलांमधल्या नात्याला नाही. सर्व्हरवर नेस्टेड लूप कायमचा बंद करून ठेवू नका प्लीज, बाकीच्या शंभर क्वेरींना तोच लागतो.

आता परत एक्स्प्लेन अनालाइझ. आतल्या ओळीत ७८ जाऊन २,८०० च्या आसपास आकडा आला का बघा, आणि मग नजर वर न्या, जॉइन कुठला निवडलाय.